शेवटच्या ओळीतला तीळ

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय ३४. नाकाच्या डाव्या बाजूला, गालाला लागून, मला लहानपणापासून एक तीळ आहे. शाळेत होते तेव्हा तो सपाट आणि काळाभोर होता. आता चांगलाच वर आलाय, रंग फिका तपकिरी झालाय आणि त्यातून एक जाड केस येतो, तो मी उपटत असते. कुठलाही फोटो बघितला की आधी तोच दिसतो. धाकटी बहीण म्हणते, लेझरनं पाच मिनिटांत जाईल, उगाच जिवाला लावून घेतेस. आई म्हणते, तिळाला शस्त्र लावायचं नाही, कॅन्सर होतो. तिच्या ओळखीतल्या एकांना तसं झालं होतं म्हणे. मी तीळ घालवायचं एक क्रीम ऑनलाइन मागवलंय, अजून डबी उघडलेली नाही. काढू का? काढला तर कसा? डाग राहील का? माझा रंग सावळा आहे, आणि पूर्वी कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती.

ता. क. डाव्या तळपायावरही एक काळा ठिपका आहे. वर्षभरात तो थोडा पसरलाय असं नवरा म्हणतो. पण तिथं कोण बघणार म्हणा!

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाकाजवळच्या तिळाला सगळं पत्र, आणि तळपायाला ताज्या कलमातल्या दोन-तीन ओळी. खरं सांगायचं तर मी उत्तर लिहायला बसले ती त्या ओळींमुळे. तिथं कोण बघणार, असं तुम्ही म्हणता. तिथं त्वचारोगतज्ज्ञानं बघायचं आणि याच आठवड्यात बघायचं. घाबरवत नाही. तळपायावरचे बहुतेक काळे ठिपके साधेच निघतात. पण ‘पसरलाय’ हा शब्द तुमच्या पत्रात आहे, आणि तो ऐकला की आमचे कान टवकारतात. तेव्हा आधी फोन करून वेळ घ्या, मग पुढचं निवांत वाचा. नाकाचं आधी सांगते, कारण ते समजलं की पायाचं मी एवढं का लावून धरलंय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांना आपण रंगपेशी म्हणू. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. त्या रंग किती तयार करतात यात फरक असतो. एरवी त्या एकमेकींपासून अंतर राखून, विखरून बसलेल्या असतात. तशाच पेशींनी एका जागी घोळका केला की तीळ होतो. बऱ्याच तिळांत सुरुवात एका पेशीपासून होते. तिच्या जनुकात बारीकसा बदल होतो, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात, आणि मग पेशींचा स्वतःचाच ब्रेक लागून वाढ थांबते. गंमत म्हणजे बीआरएएफ नावाच्या ज्या जनुकातला बदल मेलानोमा या रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये सापडतो, तोच बदल पुष्कळ साध्यासुध्या तिळांतही असतो. २००२-०३च्या सुमारास हे उघडकीला आलं. तुमच्या नाकाजवळच्या तिळातही तो असेल. पण नुसत्या त्या बदलानं कॅन्सर होत नाही. ब्रेक तुटावा लागतो, आणि तो बहुतेक तिळांत जन्मभर तुटत नाही.

तीळ घेऊन जन्मलेली बाळं शंभरात एखाद-दुसरीच असतात. बाकी तीळ लहानपणी, वयात येताना आणि तिशीपर्यंत उगवत राहतात. सुरुवातीला सपाट आणि गडद असतात. मग वर्षांमागून वर्षं ते हळूहळू फुगतात, मऊ होतात, रंग उतरतो, मध्ये केस येतो. म्हातारपणी काही तर विरूनही जातात. म्हणजे तुम्ही तुमच्या तिळाची जी हकिगत लिहिली आहे, ती चेहऱ्यावरच्या साध्या तिळाची अगदी नमुनेदार हकिगत आहे. विशेष म्हणजे हा बदल वीस-पंचवीस वर्षांत झालाय, वीस-पंचवीस दिवसांत नाही. त्यातून केस येतो हेही एका अर्थी बरंच. केसाचं मूळ शाबूत आहे, म्हणजे खालची कातडी आपलं काम नीट करतेय. मात्र तो केस उपटू नका, कात्रीनं कापा. उपटल्यानं कॅन्सर होत नाही, पण मुळाशी सूज येते, तीळ लाल होऊन दुखतो, आणि मग माणूस मध्यरात्री मोबाइलवर नको ते वाचत बसतो.

इथंच एक गोष्ट सांगून टाकते. आपण ज्याला त्याला तीळ म्हणतो. मानेवर, काखेत लोंबणारा कातडीचा मऊ दाणा हा तीळ नव्हे, त्यात रंगपेशींचा घोळका नसतोच. त्याला कुणी मस म्हणतं, कुणी चामखीळ. खरखरीत, फुलकोबीसारखी दिसणारी चामखीळ ही विषाणूमुळे होते आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. तीळ असा कधीच एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. आणि सावळ्या माणसांच्या गालांवर, डोळ्यांच्या कडेला तिशीनंतर मोहरीएवढे काळे उंचवटे उगवतात, आईला असले तर मुलीलाही येतात, तेही तीळ नव्हेत; वरच्या थराची ती निरुपद्रवी वाढ असते. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की ‘मैत्रिणीचे तीळ लेझरनं चुटकीसरशी गेले’ असं जेव्हा कानावर येतं, तेव्हा बहुधा ते हे काळे उंचवटे असतात. त्यांना लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींवर चालणारं उपकरण, उत्तम. त्यावरून खऱ्या तिळाचा हिशेब करायचा नाही.

आता आईंचं म्हणणं. ते धुडकावून लावू नका, कारण त्यांनी पाहिलेलं खोटं नसणार. त्याचा अर्थ तेवढा उलटा लागलाय. साध्या तिळाला शस्त्र लावल्यानं, तो कापल्यानं, खरचटल्यानं, दाढी करताना ब्लेड लागून रक्त आल्यानं त्याचा कॅन्सर होत नाही. जगभर रोज असंख्य तीळ काढले जातात. मग ओळखीतल्या त्या माणसाचं काय झालं असेल? मला त्यांची केस माहीत नाही, पण अशा गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि त्यांचा साचा एकच असतो. एक तीळ वाढायला लागतो, खाजतो, त्यातून रक्त येतं, म्हणून माणूस तो काढून घेतो. काढणारा तो जाळून टाकतो किंवा कापून कचऱ्यात टाकतो. वर्ष-दोन वर्षांनी काखेत नाहीतर जांघेत गाठ येते. सगळे म्हणतात, शस्त्र लावलं म्हणून झालं. प्रत्यक्षात कॅन्सर आधीपासूनच होता, त्याच्यामुळेच तर तीळ वाढत होता. तुकडा तपासला असता तर तेव्हाच कळलं असतं आणि पुढचे उपचार वेळेवर झाले असते. दोष सुरीचा नव्हता, तुकडा कचऱ्यात गेला हा होता.

म्हणून तीळ काढून घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी दोनच प्रश्न विचारते. काढण्याआधी तो नीट कोण बघणार? आणि काढल्यावर तो कुठं जाणार? या दोन्हींची उत्तरं चोख असतील तर बाकी कशानं काढला, किती मिनिटांत काढला, हा तपशील.

तुमच्या क्रीमचा फैसला याच दोन प्रश्नांवर होतो. आधी कुणी बघितलेलं नाही आणि नंतर तपासायला काही उरणार नाही. असल्या क्रीममध्ये बहुधा कातडी जाळणारं काहीतरी असतं. कुठं तीव्र ॲसिड, कुठं झिंक क्लोराइड, कुठं ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचा अर्क. ते तीळ आणि चांगली कातडी यांत भेद करत नाहीत. वरचा भाग जळून खपली पडते, खाली घोळका तसाच राहतो, आणि वर खड्डा नाहीतर जाड व्रण. नाकाच्या कडेला, डोळ्यापासून बोटभर अंतरावर तर हा प्रयोग नकोच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ साली अशी उत्पादनं विकणाऱ्या काही कंपन्यांना इशारापत्रं धाडली होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला त्यांनी तीळ काढायचं एकही औषध आजवर मंजूर केलेलं नाही. ‘तीळ काढायचं पेन’ म्हणून जे मिळतं, तेही त्याच माळेतलं. दोरा बांधून तीळ पाडायचा उद्योगही नको.

क्रीम गेलं. उरली बहीण आणि तिचं लेझर.

लेझर म्हणजे वाईट असं माझं बिलकूल मत नाही, माझ्याकडेही ते आहे. एक प्रकारचं लेझर रंगाला पकडून फोडतं, दुसरं कातडीतल्या पाण्याला तापवून थराथरानं वाफ करतं. दोन्हींत तिळाचा तुकडा हाती लागत नाही, आणि नेमकी तीच माझी तक्रार आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काही शिल्लक नाही. शिवाय तुमच्यासारख्या जुन्या, फुगीर तिळात पेशी खोलवर गेलेल्या असतात. वरचा रंग गेला तरी खालच्या पेशी राहतात आणि काही महिन्यांनी तिथं पुन्हा ठिपका उगवतो. तो परत आलेला ठिपका वेडावाकडा, रंगानं कमीजास्त असा दिसतो, इतका की पुष्कळदा मेलानोमाच वाटावा. आधीचा रिपोर्ट हाताशी असला तर डॉक्टर निर्धास्त, नसला तर पुन्हा कापणं आलं. काही सहकारी डर्मोस्कोपनं, म्हणजे कातडी बघायच्या खास भिंगानं, नीट पारखून घेऊन चेहऱ्यावरच्या साध्या तिळाला लेझर लावतात. त्यांना मी चूक म्हणणार नाही, पण मी स्वतः सहसा तसं करत नाही.

तुमच्या तिळाला मी काय केलं असतं, ते सांगते. आधी डर्मोस्कोप लावला असता. दिवा बसवलेलं ते हातात मावणारं भिंग असतं, साधारण दहापट मोठं दाखवतं आणि कातडीवरची चमक मारून आतली नक्षी दिसू देतं. त्याला वेदना नाही, वेळ लागत नाही. तिथं सगळं ठीक दिसलं तर लिग्नोकेनचं छोटंसं इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करायचा. टोचताना आणि औषध आत जाताना चुरचुरतं, ती सगळी मिळून अर्ध्या मिनिटाची गोष्ट. नंतर हात लागल्याचं कळतं, दुखत नाही. मग धारदार ब्लेडनं किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या बारीक तारेनं तीळ कातडीच्या पातळीला तासून घ्यायचा. याला शेव्ह म्हणतात. टाके लागत नाहीत. तासलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा. बाटलीवर नाव लिहिलेलं आपल्या डोळ्यांनी बघूनच उठा. हा माझा आगाऊपणा समजा, पण आपला तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला तर दोन माणसांची झोप उडते.

शेव्हची मर्यादाही ऐका. वरचा उंचवटा जातो, खाली काही पेशी राहतात. रंग थोडाफार परत येऊ शकतो. केसाचं मूळ खोल असतं, त्यामुळे केसही परत येऊ शकतो. ‘समूळ जाईल’ असं कुणी शेव्हच्या आधी छातीठोक सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. समूळ हवाच असेल तर टाक्यांची शस्त्रक्रिया. त्यात तिळाभोवती होडीच्या आकारात कापून पूर्ण जाडीचा तुकडा काढतात आणि दोन्ही कडा शिवतात. जखम नीट मिटावी म्हणून होडी रुंदीच्या साधारण तिप्पट लांब ठेवावी लागते. म्हणजे पाच मिलिमीटरच्या तिळापायी दीड सेंटिमीटरची रेघ. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, रेघ नाकाच्या घडीत बसवता आली तर लपूनही जाते. तरीही गोल ठिपका देऊन रेघ घेण्याचा हा सौदा आहे. लहान तीळ असेल तर गोल पात्याच्या पंचनं काढून एखादा टाका घालतात. शंकास्पद तिळाला मात्र टाक्यांचीच शस्त्रक्रिया; तिथं शेव्हही नको आणि लेझर तर नाहीच नाही.

डागाचं विचारलंत. थोडी खूण राहतेच, अजिबात राहणार नाही असं मी कुणालाच सांगत नाही. प्रश्न असतो ती खूण तिळापेक्षा कमी खुपेल का, एवढाच. सावळ्या कातडीत जखम भरल्यावर ती जागा काही महिने गडद राहते आणि हळूहळू उतरते. या काळात उन्हानं ती अजून काळी पडते, म्हणून जखम पूर्ण मिटल्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन रोज, ढगाळ दिवशीसुद्धा. पहिले आठ-दहा दिवस जखम सुकू द्यायची, खपली धरू द्यायची ही जुनी पद्धत विसरा. हलक्या हातानं धुऊन पेट्रोलियम जेली लावून ओलसर ठेवलेली जखम लवकर आणि चांगली भरते. खपली धरलीच तर तिला नख लावायचं नाही. माझ्या हातून झालेल्या कामापेक्षा पेशंटच्या नखांनी झालेले व्रण मी जास्त पाहिलेत.

कानाच्या पाळीच्या गाठीचा उल्लेख तुम्ही आवर्जून केलात, फार बरं केलंत. टोचलेल्या जागेच्या बाहेर पसरत गेलेली टणक गाठ असेल तर ती कीलॉइड. पहिल्या काही आठवड्यांत येऊन गेलेली सूज असेल तर ती नव्हे. कीलॉइड होण्याची प्रवृत्ती सावळ्या माणसांत जास्त असते, पण शरीराच्या सगळ्या जागा सारख्या नसतात. छातीचा मध्य, खांदे, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी आणि जबड्याची कड या जागा वाईट. तिथला तीळ निव्वळ दिसण्यासाठी काढायला मी तुम्हाला सपशेल नाही म्हटलं असतं. नाकाच्या आसपास ते क्वचित होतं. तरी डॉक्टरांना पाळी दाखवाच, म्हणजे जखम भरल्यानंतर खूण जाड व्हायला लागल्याबरोबर सिलिकॉन जेल किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू करता येईल. रक्त पातळ करायची गोळी, पेसमेकर, मुरुमांसाठी घेतलेलं औषध, कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी, गर्भारपण, यातलं काही असेल तर तेही आधीच सांगायचं. गर्भारपणात तीळ थोडे गडद होऊ शकतात, आणि निव्वळ हौसेचं काम तोवर थांबवलेलं बरं.

आणि काढायचा की नाही? तब्येतीच्या दृष्टीनं, तुम्ही लिहिलंय त्यावरून, काढायची गरज दिसत नाही. पण रोज आरशात खुपत असेल तर तेवढं कारण मला पुरतं, त्यासाठी कुणापुढं सफाई द्यायला नको. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या बायका रेशमी नाहीतर मखमली कापडाचे काळे ठिपके कापून मुद्दाम गालावर चिकटवायच्या. तेव्हा कुणाला काय सुंदर वाटेल याचा नेम नाही. फक्त घाई नको. आधी पाय.

तिळांकडे कसं बघायचं याची एक खूणगाठ डॉक्टरांनी १९८५ साली घालून दिली, संशयाच्या चार खुणांची. तिळाचे दोन अर्धे एकमेकांसारखे नाहीत. कडा फाटक्या, दंतुर आहेत. एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत. रुंदी सहा मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकाच्या वर गेलीय. २००४ साली त्यात पाचवी गोष्ट जोडली गेली, बदल. माझ्या मते ती पहिली हवी होती. कारण तीन मिलिमीटरचाही तीळ जर आठवड्यांत, महिन्यांत बदलत असेल तर तो आठ मिलिमीटरच्या, पण वीस वर्षं जशाच्या तशा बसलेल्या तिळापेक्षा मला जास्त सतावतो. आणखी एक युक्ती आहे, ती मला याहून सोपी वाटते. एका माणसाचे तीळ एकमेकांच्या भावंडांसारखे दिसतात. त्यांत एखादा परका, कुणाशीच न जुळणारा दिसला की तो दाखवायचा. पाठीवरचे बघायला दुसऱ्या माणसाचे डोळे घ्यायचे.

‘सगळेच तीळ काढून टाकले तर कॅन्सरची भीतीच नको’ असंही काहीजण म्हणतात. त्याचा उपयोग नाही. मेलानोमापैकी साधारण तीस टक्के जुन्या तिळात सुरू होतात, बाकीचे कोऱ्या कातडीवर नव्यानं उगवतात. त्यामुळे तीळ काढत बसण्यापेक्षा नवा ठिपका कुठं उगवतोय इकडे लक्ष असलेलं बरं.

आता तुमच्या ताज्या कलमाकडे येते. मेलानोमा उन्हानं होतो, गोऱ्या लोकांना होतो, असं आपण ऐकतो. गोऱ्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. सावळ्या आणि काळ्या माणसांना हा कॅन्सर एकूण कमीच होतो, पण होतो तेव्हा तो बहुधा जिथं ऊन पोचत नाही तिथं होतो. तळपाय, तळहात, नखाखाली. आणि तिथं कुणी बघत नाही. बॉब मार्ले हा जमैकाचा जगप्रसिद्ध गायक. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा सापडला, आधी तो फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजला जात होता. १९८१ साली तो गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता. तळपायाच्या ठिपक्याचं असंच होतं. लागलं असेल, भोवरी असेल, बूट चावला असेल, असं म्हणत दिवस जातात. कुणी त्यावर भोवरीची पट्टी चिकटवतं, कुणी ब्लेडनं तासतं. तुम्ही यातलं काहीही करू नका.

डॉक्टर काय बघतील तेही सांगते, म्हणजे तिथं बसल्यावर धास्ती वाटायला नको. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. एक सरी, एक वरंबा, पुन्हा सरी. जपानमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपखाली असे हजारो ठिपके बघून एक फार सुंदर गोष्ट दाखवून दिली : साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरींमध्ये असतो, मेलानोमाचा वरंब्यांवर. भिंग टेकवलं की पुष्कळदा तिथल्या तिथं निकाल लागतो. कधी ठिपका म्हणजे नुसतं कातडीत साकळलेलं रक्त असतं, धावणाऱ्यांच्या, घट्ट बूट घालणाऱ्यांच्या टाचांना होतं तसं. डॉक्टर वरचा मेलेला थर अलगद खरवडतात आणि ठिपका त्यांच्या पात्यावर निघून येतो. पेशंट हसत घरी जातो. पण नक्षी संशयाची असेल, किंवा ठिपका सात मिलिमीटरहून मोठा असेल आणि नक्षीवरून खात्री देता येत नसेल, तर बायॉप्सी करायची. ‘बघू सहा महिने’ असं ऐकायला मिळालं आणि कारण पटलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

समजा, नको ते निघालं. तरीही मेलानोमाच्या बाबतीत सगळं तो किती खोल गेलाय यावर ठरतं, आणि ती खोली मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. एक मिलिमीटरच्या आत सापडलेला मेलानोमा बहुतेकदा नुसता कापून काढून माणूस बरा होतो. म्हणून आठवड्याची घाई.

तळपाय दाखवताना सगळी नखंही दाखवा, नेलपॉलिश काढून जा. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असतात आणि त्या असू दे. एकाच नखावरची, रुंदावत जाणारी, किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर रंग सांडलेली रेघ मात्र बोट ठेवून दाखवायची. पायाचा जुना फोटो मोबाइलमध्ये कुठं असला तर शोधून ठेवा. आज एक फोटो काढा, ठिपक्याशेजारी मोजपट्टी ठेवून. नाकाचं काम त्याच दिवशी उरकून घ्यायचा मोह झाला तरी डॉक्टरांना सुरुवात पायापासून करायला सांगा. आणि नवऱ्याला बरोबर न्या. ठिपका वर्षापूर्वी केवढा होता, हे त्यांनीच पाहिलंय.